खापर कोणत्या थरातले? : पुरातत्त्वाविषयी वाचकांचे प्रश्न

विद्यापीठातील पुरातत्त्व विभागात नेमके काय चालते, याविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. मी अशाच एका विभागात विद्यार्थिनी म्हणून आले आणि पुढे तिथेच शिकवून निवृत्त झाले. उत्तरांतील बहुतेक उदाहरणे प्रवरा आणि घोड या नद्यांच्या काठची आहेत, कारण महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांविषयी आपल्याला जे कळले आहे, त्यातील मोठा भाग याच काठांवरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या राखट मातीच्या, टेकाडांतून आला आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

माझी मुलगी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आहे. आता तिला पुरातत्त्वात एम.ए. करायचे आहे. विज्ञान सोडून इतिहासाकडे जाणे योग्य होईल का? या विभागात मुले दिवसभर काय करतात, आणि पुढे नोकरीचे काय? – एक पालक, सातारा

प्रथम हे सांगते, की आपली मुलगी विज्ञान सोडणार नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९३९ साली पदव्युत्तर संशोधन संस्था सुरू झाली, तेव्हा हसमुख धीरजलाल सांकलिया तिथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. इंग्लंडमध्ये शिकत असताना त्यांनी ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसल येथील उत्खननात काम केले होते आणि मातीचे थर ओळखून, ते नोंदवून खणण्याची शिस्त अंगी बाणवून घेतली होती. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो विभाग वाढवला, त्यात भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र आणि शारीरिक मानवशास्त्र जाणणारी माणसे इतिहासाच्या माणसांशेजारी बसून काम करू लागली. शरद राजगुरू नदीकाठचे गाळाचे थर वाचत, मुकुंद काजळे जळून कोळसा झालेले धान्य ओळखत, पी. के. थॉमस प्राण्यांची हाडे वेगळी करत आणि सुभाष वाळिंबे मानवी सांगाड्यांचा अभ्यास करत. एकाच चुलीतल्या राखेवर चौघांनी चार प्रश्न विचारावेत आणि मग एकत्र बसून उत्तर जुळवावे, अशी ही पद्धत होती.

आपल्या मुलीला याच पद्धतीत जागा आहे. उत्खननात चूल, पेव किंवा कणगीचा ओटा सापडला, की तिथली माती पिशवीत भरून ठेवतात आणि नंतर पाण्यात सोडतात. माती खाली बसते, तर जळके दाणे, भुश्शाचे तुकडे आणि कोळशाचे बारीक कण वर तरंगतात. ते बारीक जाळीत धरून, सावलीत वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. ही माणसे सातू पिकवत होती की गहू, मसूर खात होती की कुळीथ, हे ठरवायला बियांची ठेवण आणि सालीवरच्या रेषा ओळखणारी नजर लागते, आणि ती नजर वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तयार होते. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे इ. स. पू. १६०० ते ७०० या काळात शेतकऱ्यांची वस्ती होती आणि त्यांचे मुख्य धान्य सातू होते. आज त्याच भागात बाजरी आणि ज्वारी घेतली जाते. सातू हे रब्बीचे पीक असल्याने पाण्याचा प्रश्न पुढे येतो. उत्खननात वस्तीजवळ पाण्याचा पाट आणि बांधही आढळला आहे, त्यामुळे दाणा आणि पाट या दोन गोष्टी एकमेकींना अर्थ देतात. दाणा ओळखणारे कोणी नसते, तर पाटाचे महत्त्व निम्मेच उरले असते.

दिवसाविषयी विचारले आहे, म्हणून सांगते. सत्र चालू असताना सकाळी तासिका आणि दुपारी प्रात्यक्षिके असतात. ब्राह्मी लिपी वाचणे, नाणी ओळखणे, दगडी हत्यारांची चित्रे काढणे, आणि खापराच्या काठाचा एवढासा तुकडा वर्तुळांच्या तक्त्यावर टेकवून मूळ भांड्याचे तोंड केवढे होते ते काढणे, ही कामे महिनोन्महिने करावी लागतात. पावसाळा संपून पिके निघाली, की सर्वेक्षण आणि उत्खननाचे दिवस येतात. तेव्हा तंबूत किंवा गावच्या शाळेत मुक्काम असतो. उजाडताच कामाला लागायचे, ऊन चढले की थांबायचे, आणि संध्याकाळी दिव्याखाली वही पूर्ण केल्याशिवाय जेवायला बसायचे नाही, असा क्रम असतो. मुलींची राहण्याची वेगळी सोय असते. तरीही ती कशी आहे, हे आपण विभागात जाऊन विचारावे. पालकांनी असे विचारण्यात संकोच वाटण्याजोगे काही नाही.

नोकरीबाबत मी आपली दिशाभूल करणार नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, वस्तुसंग्रहालये आणि विद्यापीठे एवढीच मुख्य ठिकाणे आहेत. तिथे जागा थोड्या असतात आणि जाहिराती उशिरा निघतात. एम.ए.नंतर नेट परीक्षा देता येते, आणि ग्रेटर नोएडा येथील पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्थेत पदव्युत्तर पदविकेचा अभ्यासक्रमही आहे. ज्यांच्या हाती प्रयोगशाळेचे कौशल्य असते, त्यांना या वाटेवर टिकणे तुलनेने सोपे जाते, असे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. प्रवेश घेण्यापूर्वी मुलीला एखाद्या विभागाच्या परवानगीने आठ दिवस शिबिरात राहू द्यावे. उन्हात बसून ब्रशने माती झाडताना तिला वेळेचे भान राहिले नाही, तर तिला अडवू नये.

आमच्या शेताच्या कडेला पांढरीचे टेकाड आहे. वडील त्यातील माती बैलगाडीने रानात टाकत असत, आता ट्रॅक्टरवाले मागायला येतात. मातीत लाल खापरे निघतात, त्यांवर काळ्या रेघा असतात, राख आणि हाडेही निघतात. कोणाला कळवले तर सरकार जमीन घेईल, असे गावात सांगतात. मी काय करावे? – एक शेतकरी, प्रवराकाठ

आपण विचारलेत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. ट्रॅक्टर भरून पाठवणे आपल्याला सोपे होते.

आपल्या भाषेत गावठाणाला पांढरी आणि शेतीला काळी म्हणतात, आणि या शब्दांतच उत्तराचा आरंभ आहे. माणसे एका जागी शेकडो वर्षे राहिली, की मातीच्या भिंती पडतात, त्यावर नवी घरे उभी राहतात, चुलींची राख, शेण, उष्टे-खरकटे आणि हाडे यांचे थर साठत जातात, आणि जमीन उंच होऊन तिचा रंग राखट होतो. अशा मातीत फॉस्फेटचे प्रमाण अधिक असते, म्हणून ती खतासारखी लागू पडते. आपल्या वडिलांचे काही चुकले नाही. परंतु प्रत्येक खेपेबरोबर त्या वस्तीच्या इतिहासाचे एक पान निघून जाते, आणि ते परत मिळवता येत नाही. काळ्या रेघांची लाल खापरे आपल्या टेकाडात खरोखरच विपुल असतील, तर ती जोर्वे संस्कृतीची असण्याचा संभव आहे. म्हणजे ते टेकाड सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे, एका अर्थाने आपल्याच आधीच्या कसणाऱ्यांचे, गाव असू शकेल.

आपल्याच नदीच्या काठचे एक उदाहरण देते. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ साली एका शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशा चार ब्राँझच्या मूर्ती मिळाल्या. त्यांचे एकूण वजन ६० किलोंहून अधिक भरते, आणि भारतातील प्राचीन धातुकामाचा असा दुसरा नमुना दाखवणे कठीण आहे. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी पुढे तिथे मोठे उत्खनन केले आणि या मूर्ती उत्तर हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या, काळातील असाव्यात, असे मत मांडले. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणाकडे बोट दाखवून या कालनिर्णयावर शंका घेतली. मूर्ती खऱ्या आहेत, सुंदर आहेत, आणि तरीही त्या नेमक्या कोणत्या थरात, कोणत्या वस्तूंच्या सोबतीने होत्या हे नोंदले गेले नसल्यामुळे हा वाद मिटवणारा पुरावा हाती राहिलेला नाही. त्यांच्याजवळ त्याच थरातले एखादे फुटके मडके नोंदले गेले असते, तर केवढे काम झाले असते! म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे, की काही दिसले तरी ते उपसून घरी आणू नये.

कायद्याविषयी थोडे स्पष्ट सांगते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, आणि ती लपवणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार परवान्याशिवाय पुरावस्तूंचा व्यापार करता येत नाही. आता जमिनीचा प्रश्न. टेकाडाची माहिती कळवल्याने जमीन कोणी घेत नाही. माहिती मिळाल्यावर विभागाची माणसे येतात, टेकाडावरून फिरतात, खापरे पाहतात, नकाशावर जागा नोंदवतात आणि परत जातात. उत्खनन करायचे झाले, तर विद्यापीठाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना आणि आपली संमती घ्यावी लागते, आणि पिकाच्या भरपाईचे आधी बोलून ठरवले जाते. ते लेखी घ्यावे. एखादे स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून संरक्षित झाले, तर त्याच्या भोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. पण ती प्रक्रिया वेगळी आहे, तिची अधिसूचना आधी काढावी लागते आणि हरकतीसाठी दोन महिन्यांची मुदत असते. बहुसंख्य टेकाडांबाबत असे काही होत नाही.

आपण आता एवढे करावे. माती देणे थांबवावे. ट्रॅक्टरने कापलेली उभी कड जिथे दिसते, तिथे शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, आणि खापरे टेकाडाच्या कोणत्या बाजूला व किती खोलीवर दिसतात ते वहीत लिहावे. मग तहसील कार्यालयाला, राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या विभागाला पत्र पाठवावे आणि पोच मागून घ्यावी.

मी बारावीत आहे. आमच्या संगमनेर तालुक्यातले जोर्वे हे गाव पुस्तकात आहे, म्हणून मला उत्सुकता वाटते. मी एका उत्खननाची छायाचित्रे पाहिली. खड्ड्यांच्या मधोमध मातीचे बांध का ठेवतात? सगळे का खणत नाहीत? आणि सोने-नाणे काही नसताना एवढी खापरे का मोजतात? – एक विद्यार्थिनी, संगमनेर

तुझा प्रश्न फार चांगला आहे. पहिल्या वर्षाच्या एम.ए.च्या वर्गातही तो कोणी लवकर विचारत नाही.

खणणे म्हणजे नष्ट करणे, हे आधी ध्यानात घे. जो थर आपण काढला, तो जगात पुन्हा कुठेही नसतो. म्हणून टेकाडाचे चौकोन आखून खणतात आणि दोन चौकोनांमध्ये बांध राखतात. त्या बांधाच्या उभ्या बाजूवर, ज्याला आम्ही छेद किंवा सेक्शन म्हणतो, थर एकावर एक कसे बसले आहेत ते स्पष्ट दिसते. राखेची करडी रेघ, सारवलेल्या जमिनीची पिवळी पट्टी, पुराची वाळू, पुन्हा जमीन, असे ते वाचत जायचे असते. खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, इतका साधा हा नियम आहे. पण कोणी मध्येच खड्डा खणून खालची माती वर टाकलेली असते, उंदरांनी बिळे केलेली असतात, आणि मग हा साधा नियम लावायला सगळी बुद्धी पणाला लागते. टेकाडाचा काही भाग मुद्दाम न खणता राखतात, कारण तू शिकून मोठी होशील तेव्हा तुझ्या हाती आजच्यापेक्षा चांगली साधने असतील.

आता खापरांविषयी. सोने वितळवून पुन्हा वापरतात, तांबे मोडीत घालतात, लाकूड कुजते. मडके मात्र फुटते आणि तिथेच पडून राहते. शिवाय प्रत्येक काळाची मडकी घडवण्याची रीत निराळी असते. तुझ्या शेजारच्या जोर्वे गावी १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि तिथे लाल रंगाची, काळ्या भौमितिक नक्षीची, उत्तम भाजलेली, टिचकी मारली तर धातूसारखा नाद देणारी भांडी मिळाली. तोटीची भांडी आणि कमरेशी धारदार वळण असलेले वाडगे ही त्यांची खूण होती. तशीच भांडी पुढे किनारपट्टीचे कोकण आणि विदर्भाचा बराच भाग वगळता महाराष्ट्रात ठिकठिकाणी मिळाली, आणि त्या सगळ्या संस्कृतीला तुझ्या तालुक्यातल्या गावाचे नाव मिळाले. एखाद्या थरात अशी खापरे शंभरात किती आणि दुसऱ्या प्रकारची किती, हे मोजल्यावरच वस्तीत बदल केव्हा होऊ लागला ते कळते. म्हणून ती मोजायची. उत्खननाच्या जागेजवळ एक मोकळे अंगण आखतात, त्याला पॉटरी यार्ड म्हणतात. प्रत्येक चौकोनातील प्रत्येक थराची खापरे तिथे धुऊन वेगवेगळ्या रकान्यांत मांडतात, आणि पिशवीबरोबर आलेली चिठ्ठी त्या त्या रकान्यात दगडाखाली ठेवतात.

त्या चिठ्ठीची एक आठवण सांगते. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षात असताना दोन दिवसांच्या खापरांच्या पिशव्यांना चिठ्ठ्या बांधण्याचे काम माझ्याकडे होते. मी शाई वापरली. रात्री दव पडले आणि सकाळी अक्षरे फिसकटलेली होती. खापरे सुरेख होती, त्यांत एक जवळजवळ अखंड तोटीचे भांडे होते. आमचे शिक्षक रागावले नाहीत. त्यांनी मला एवढेच विचारले, की ही कोणत्या थरातली आहेत. मला सांगता आले नाही, तेव्हा त्यांनी ती सगळी मोजणीतून बाद केली. ते भांडे पुढे वर्गात नमुना म्हणून दाखवले जाई, पण त्याला काळही नव्हता आणि घरही नव्हते. तेव्हापासून मी पेन्सिलनेच लिहिते आणि प्रत्येक पिशवीत दोन चिठ्ठ्या घालते, एक आत आणि एक बाहेर.

आणखी एक. नेवाशाच्या उत्खननात एका बालकाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. त्या मण्यांत रेशीम आणि कापूस यांचा ओवलेला धागा शिल्लक होता, कारण तांब्याच्या गंजाने तो राखला होता. तेच मणी कोणी घासून चकचकीत केले असते, तर महाराष्ट्रातील इतक्या जुन्या धाग्याविषयी आपल्याला काहीच कळले नसते. तुला कुठे काही सापडले, तर धुऊ नकोस.

इनामगावला मृतांचे पाय तोडून पुरत असत आणि ते भुताच्या भीतीने केले जाई, असे मी वाचले. तिथे एका पुढाऱ्याचे घरही सापडले म्हणतात. मी व्यवसायाने अभियंता होतो. यातील किती सिद्ध झालेले आहे आणि किती अंदाज आहे? – एक निवृत्त वाचक, पुणे

आपण जी रेघ मागत आहात, ती ओढायला शिकवणे हेच विद्यापीठातील विभागाचे काम आहे, म्हणून या पत्राला सविस्तर उत्तर देते.

इनामगावचे उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम चालले. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी ते केले, आणि १३० हून अधिक घरांचे अवशेष उघडे केले. महाराष्ट्रात त्यापूर्वी इतक्या विस्तृत क्षेत्रावर आडवे उत्खनन करून एका खेड्याची मांडणी पाहिली गेली नव्हती. आधीची बरीच उत्खनने कोणती संस्कृती कोणत्या संस्कृतीनंतर आली, एवढे कळावे म्हणून उभी, खोल आणि अरुंद होती. इनामगावला मात्र विचारले गेले, की लोक राहत कसे होते, धान्य कुठे साठवत होते आणि कोणाच्या शेजारी कोण राहत होते. या प्रश्नाला मी फार महत्त्व देते, कारण त्याने आमच्या पिढीच्या संशोधनाला वळण लावले.

आता निरीक्षण काय आहे ते पाहू. प्रौढ माणसे घराच्या जमिनीखाली खड्ड्यात, डोके उत्तरेकडे करून निजवलेली आढळतात, आणि त्यांच्या घोट्याखालची हाडे नसतात. लहान मुलांना दोन कुंभांत, कुंभांची तोंडे एकमेकांना भिडवून ठेवलेले असते. हे एकदाच नव्हे, तर पुन्हा पुन्हा दिसते, आणि त्याच्या नोंदी व आराखडे उपलब्ध आहेत. म्हणून ते निरीक्षण म्हणून पक्के आहे. मृत व्यक्तीने घर सोडून जाऊ नये किंवा तिने भूत होऊन फिरू नये म्हणून पाय तोडले असावेत, हे त्यावरचे स्पष्टीकरण आहे. ते संभाव्य आहे, पण सिद्ध नाही. भीती आणि माया यांपैकी काय होते, हे हाड सांगत नाही. गेलेले माणूस आपल्याच उंबऱ्याच्या आत राहावे, ही इच्छाही तशाच कृतीला जन्म देऊ शकते. मी वर्गात हे दोन्ही सांगत असे आणि निवड करत नसे.

पुढाऱ्याच्या घराचे प्रकरण अधिक रोचक आहे, कारण तिथे पुराव्याचे अनेक धागे एकत्र येतात. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे घर आहे. ते तिथल्या मोठ्या घरांपैकी आहे आणि त्याला लागून धान्याचे कोठार आहे. त्याच्या अंगणात चार पायांचा, फुगीर पोटाचा मातीचा मोठा रांजण पुरलेला होता आणि त्यात एक पुरुष मांडी घालून बसवलेला होता. त्याचे पाय शाबूत होते. यातील एकेक वस्तू वेगळी दाखवली असती, तर कोणीही त्यावर विशेष बोलला नसता. चार पायांचा रांजण बाजारात आला असता, तर ते एक विचित्र भांडे ठरले असते. त्याचे महत्त्व तो कोणत्या अंगणात, कोणत्या घरापाशी, वस्तीच्या कोणत्या भागात होता यामुळे आहे. अर्थात ‘पुढारी’ हा शब्द आपला आहे. एवढे निश्चित म्हणता येते, की हा माणूस इतरांपेक्षा वेगळ्या रीतीने पुरला गेला आणि त्याच्या घराचा गावाच्या धान्याशी जवळचा संबंध होता.

असेच एक उदाहरण मातीच्या पेटीचे आहे. एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेली कच्च्या मातीची लंबगोल पेटी मिळाली. आत स्त्रीमूर्ती होती, तर झाकणावर डोके नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि बैल होता. सुटी मिळाली असती, तर ती लहान मुलाची खेळणी समजून बाजूला ठेवली गेली असती. पेटी, झाकण, जमिनीखालची जागा आणि मूर्तींचा परस्परसंबंध हे सर्व जागच्या जागी नोंदले गेले, म्हणून तिथे काही विधी झाला असावा असे आपण आधारासह म्हणू शकतो. देवीचे नाव मात्र आपण सांगू शकत नाही, आणि कोणी सांगितल्यास आपण त्यावर विश्वास ठेवू नये.

शेवटी, स्पष्टीकरणे बदलतात, हेही सांगायला हवे. इ. स. पू. १००० च्या सुमारास इनामगावची मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात. पाऊसमान घटल्याने शेती खालावली आणि लोक पशुपालनाकडे वळले, असे ढवळीकरांनी मांडले, आणि ते दीर्घकाळ मान्य होते. पुढे प्राचीन मानवी सांगाड्यांच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद येथील बालकांचे सांगाडे नव्याने अभ्यासले. उत्तरकाळातील मुलांच्या वाढीवर ताण पडल्याच्या खुणा त्यांना आढळल्या, परंतु त्याचे कारण केवळ हवामानावर ढकलता येणार नाही, असे त्यांनी दाखवून दिले. माझे स्वतःचे मत असे आहे, की गोल झोपडी म्हणजे दारिद्र्य, हे समीकरण आपण फार घाईने मांडले. पण माझे मत बदलू शकते, आणि ते बदलायला लावणारी हाडे, खापरे व वह्या कपाटात सुरक्षित आहेत, ही या विषयाची खरी जमेची बाजू आहे.

मी पीएच.डी.च्या चौथ्या वर्षात आहे. एका नदीच्या खोऱ्यात अश्मयुगीन हत्यारांचे सर्वेक्षण करतो. शेकडो किलोमीटर पायी फिरलो, पण गाजावे असे काही मिळाले नाही. कित्येक ठिकाणी तर काहीच मिळाले नाही. सोबतचे मित्र मोठ्या उत्खननांवर आहेत. माझे काम वाया गेले का? – एक संशोधक विद्यार्थी, विदर्भ

वाया गेलेले नाही, आणि हे मी तुमची समजूत काढण्यासाठी म्हणत नाही.

नेवासे म्हटले की मराठी माणसाला ज्ञानेश्वरी आठवते. त्याच गावी १९५४ पासून सांकलिया आणि त्यांचे सहकारी लाडमोड टेकाडावर उत्खनन करत होते. जवळच प्रवरेच्या पात्रातील गोट्यांच्या थरांत त्यांना जॅस्पर आणि चर्ट या दगडांची छोटी तासण्या, टोच्या यांसारखी हत्यारे मिळाली. ती हातकुऱ्हाडींपेक्षा नंतरची आणि सूक्ष्मास्त्रांपेक्षा, म्हणजे अगदी लहान दगडी हत्यारांपेक्षा, आधीची होती. भारतात मध्य पुराश्मयुगाचा स्वतंत्र टप्पा ओळखला गेला, तो मुख्यतः अशा नदीकाठच्या छेदांच्या वाचनातून, आणि त्या हत्यारांना नेवाशाचेच नाव मिळाले. त्या हत्यारांत दिपवून टाकणारे काहीही नव्हते. कोणता गाळ कोणत्या गाळाखाली आहे, एवढेच कोणीतरी न कंटाळता पाहिले होते.

तुमच्या कामातील ‘काहीच मिळाले नाही’ ही नोंद दोन प्रकारची असू शकते, आणि तुम्ही त्या वेगळ्या केल्या पाहिजेत. एक म्हणजे तिथे माणूस आला नसेल. दुसरी म्हणजे तो आला असेल, पण त्याच्या काळाचा थर नदीने खरवडून नेला असेल किंवा दहा मीटर गाळाखाली झाकला असेल. कोणत्या टापूत कोणत्या वयाचा पृष्ठभाग उघडा आहे, हे भूशास्त्राच्या मदतीने दाखवलेत, तर तुमची रिकामी ठिकाणेही पुरावा होतील. न चाललेल्या वाटाही नकाशावर दाखवा. पुढच्या संशोधकाला त्याचा उपयोग अधिक होईल.

मोठ्या उत्खननांविषयी तुम्हाला थोडी असूया वाटते, ते स्वाभाविक आहे. पण उत्खनन एका हंगामात होते आणि त्याचा अहवाल लिहायला त्याच्या कितीतरी पट काळ जातो. इनामगावचे खणणे १९८३ साली थांबले आणि अहवाल १९८८ साली निघाला. इतक्या मोठ्या कामाच्या मानाने हा वेग प्रशंसनीय आहे. देशात अशी कितीतरी उत्खनने आहेत, ज्यांचे संपूर्ण अहवाल कधीच आले नाहीत. खणणारे निवृत्त झाले, वह्या विखुरल्या, पिशव्यांवरची अक्षरे पुसली गेली. मला याचे फार दुःख होते, कारण त्या जागा आता शेतातही नाहीत आणि कागदावरही नाहीत. तुमचे सर्वेक्षण पूर्ण नोंदींसह प्रसिद्ध झाले, तर ते अशा अर्धवट उत्खननांपेक्षा निःसंशय अधिक मोलाचे ठरेल.

तेव्हा पुढचे चार महिने फिरणे थांबवा आणि लिहायला बसा. प्रबंधाचे पहिले प्रकरण सोडून थेट स्थळांच्या यादीपासून आरंभ करा. ती हाताखालून गेली, की काय सांगायचे आहे ते तुमचे तुम्हालाच दिसू लागेल. मार्गदर्शकांना दर पंधरवड्याला लिहिलेली पाने द्या, नुसते भेटू नका. हत्यारांच्या पिशव्या विभागात रीतसर जमा करून पावती घ्या. आणि दगड कोणत्या खडकाचा आहे याची नोंद करायची राहून गेली असेल, तर या हिवाळ्यात एकदा परत जाऊन तेवढी मात्र पूर्ण करा.

हे सारे प्रत्यक्ष पाहता येईल का? शाळेतील मुलांना घेऊन जायचे आहे. – एक शिक्षिका, बारामती

अवश्य पाहता येईल. पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या आवारात पुरातत्त्व संग्रहालय आहे. तिथे संस्थेने केलेल्या उत्खननांतील वस्तू मांडलेल्या आहेत. दायमाबादच्या ब्राँझ मूर्तींसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. दोन्हीकडे आधी पत्र पाठवून वेळ ठरवावी, आणि डेक्कन कॉलेजात शक्य झाल्यास एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला सोबत देण्याची विनंती करावी. मुलांना काचेच्या कपाटांपुढून भरभर नेऊ नये. प्रत्येकाला एकच वस्तू निवडायला सांगून तिच्याखालची पाटी वहीत उतरवून घ्यायला लावावी: गावाचे नाव, काळ, आणि दिला असेल तर थराचा क्रमांक.

पुढील अंकासाठी नाणी आणि शिलालेख यांविषयीचे प्रश्न पाठवावेत.